शेवंताचा डावा पाय

"कान, आप्पा, कान! घोडी कान पाडी ऱ्हायनी!"

भिला ओरडला आणि त्याने हातातला हरभऱ्याचा डबा जोरात खडखडवला. शेवंताने मान उचलली, दोन्ही कान पुढे रोखले, आणि त्याच क्षणी रोहिणीच्या कॅमेऱ्यातून तीन बारीक आवाज आले.

"भेटना!" रोहिणी म्हणाली. "आते हालू द्या तिले."

घोड्याचा फोटो काढणं माणसाच्या फोटोइतकं सोपं नसतं. चारही पाय वेगवेगळे दिसले पाहिजेत, मान ताठ हवी आणि कान उभे हवेत. एवढं सगळं एका क्षणात जुळून यावं लागतं. सारंगखेड्याच्या यात्रेत रोहिणी पाच वर्षांपासून हेच काम करत होती. ती फोटो काढायची, दलाल ते गिऱ्हाइकांना मोबाइलवर पाठवायचे, आणि फोटो आवडला की लांबलांबची माणसं घोडा पाहायला बाजारात यायची.

शेवंताचं दावं धरून सुपडू आप्पा उन्हात उभे होते. वय एकसष्ट, अंगात नवा पांढरा सदरा, खिशाला पेन. एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं परिचर म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते. रोहिणी त्याच शाळेत शिकलेली, म्हणून ती त्यांना अजून मामाच म्हणायची.

"पोरी, माले काहीच दिखी नही ऱ्हायनं," आप्पा म्हणाले. "कशी उनी ती फोटोमा?"

"थांबा मामा, तठूनच दखा."

रोहिणी मांडवाच्या सावलीत उभी होती. तिच्या कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटा पडदा होता. दाराच्या फळीसारखा तो बाजूला उघडायचा आणि पूर्ण वळवता यायचा. त्याच्या वर डोळा लावून बघायची एक बारीक खिडकी होती. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून रोहिणी नेहमी त्या खिडकीला डोळा लावूनच फोटो काढायची. आता तिने पडदा उघडला, गर्रकन फिरवून आप्पांच्या बाजूला केला आणि कॅमेरा तसाच घोडीवर धरून ठेवला.

आप्पांनी डोळे बारीक केले. पडद्यात शेवंता उभी होती. तांबूस अंग, काळी आयाळ, कपाळावर तांदळाएवढा ठिपका, आणि मागचा एक पाय खुराच्या वर वीतभर पांढरा.

"हाई मन्ही शेवंता शे?" आप्पा लहान मुलासारखे हसले. "अरे, हाई तर राणी दिखी ऱ्हायनी!"

भिलाला राहवलं नाही. तो त्यांचा गाववाला, यात्रेत दलाली करायचा. त्याने पुढे होऊन त्या पडद्याचाच फोटो आपल्या मोबाइलवर काढला आणि बोटाने ओढून मोठा केला.

"आप्पा, तुम्हले काढी टाकं फोटोमातून. घोडी विकनी शे, तुम्हले नही."

सगळे हसले. भिलाने फोटो त्याच्या गिऱ्हाइकांना पाठवून दिला. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

शेवंता आप्पांच्या अंगणातच जन्मली होती. सहा वर्षं आप्पा रोज सकाळी तिच्यावर बसून तापीच्या काठाने पाच-सहा किलोमीटर जायचे आणि शाळेच्या वेळेला परत यायचे. दोन वर्षांपूर्वी ते जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी घोड्यावर बसायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून शेवंता निंबाखाली उभी होती. उभं राहून राहून तिने पुढच्या पायाने जमिनीत खड्डा पाडला होता. आप्पा तो खड्डा रोज भरायचे आणि ती रोज तो पुन्हा उकरायची. शेवटी एक दिवस आप्पांनी फावडं बाजूला ठेवलं आणि ठरवलं, हिला चालवणारा माणूस शोधायचा.

गिऱ्हाइकं नव्हती असं नाही. वरातीत घोड्या नाचवणारे तीन जण येऊन गेले होते. पण डीजेच्या भोंग्यांच्या भिंतीपुढे शेवंता दोन पायांवर नाचते आहे, हे आप्पांच्याने डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. आणि परवा फत्तेसिंगचा फोन आला. सातपुड्यात मोलगीच्या पलीकडच्या पाड्यावरचा शेतकरी. आठवडी बाजाराला यायचं तर दोन डोंगर उतरायचे, जीप पाड्यापर्यंत जात नाही, म्हणून त्याला घोडी हवी होती. "रोज चालेल ना?" एवढंच त्याने विचारलं होतं. आप्पांना हाच माणूस हवा होता. आज तो येणार होता. नवा सदरा त्याच्यासाठीच होता.

फत्तेसिंग बारा वाजता आला. सडपातळ, चाळिशीचा, हातात चांदीचं कडं. बरोबर त्याची मुलगी रिना होती, दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. आप्पा लंगडत पुढे झाले. "या या, बठा. चहा सांगू?"

फत्तेसिंग बसला नाही. त्याने शेवंताकडे पाहिलंही नाही.

"आप्पा, मी घोडी घ्यायला आलो होतो," तो शाळेतल्या मराठीत सावकाश म्हणाला. "आता फक्त विचारायला आलो." त्याने मोबाइल पुढे केला. "हा फोटो नऊ वाजता आला. मागचा उजवा पाय पांढरा. हा अकरा वाजता आला. मागचा डावा पाय पांढरा. दोन तासांत पांढरं इकडून तिकडे गेलं. खरा पाय कोणता, आणि रंगवलेला कोणता?"

आप्पांनी दोन्ही फोटो पाहिले. एकात शेवंता उजवीकडे तोंड करून उभी होती, दुसऱ्यात डावीकडे. आणि खरंच, दोन्हीत जवळचाच मागचा पाय पांढरा होता.

"अरे भो, घोडी फिरी उभी ऱ्हायनी व्हई," भिला मध्ये पडला.

"घोडी फिरली की पायाचं पांढरं पण फिरतं का?"

बघता बघता माणसं जमली. घोडेबाजारात रंगाची गोष्ट निघाली की गर्दी व्हायला वेळ लागत नाही. अपशकुनी खूण झाकायला केसांना रंग लावणारे लोक सगळ्यांनी पाहिलेले असतात.

"उजवा मागचा पांढरा असलेली घोडी आमच्या घरात घेत नाहीत," फत्तेसिंग म्हणाला. "माझा चुलता तसल्या घोडीवरून घाटात पडला. पण ते सोडा. खोटं बोलणाऱ्याकडून मी शिंगरूसुद्धा घेणार नाही."

"मन्ही घोडीले रंग?" आप्पा म्हणाले. "मी आखा जनममा कोनले फसाडं नही रे भो."

"पाय धुई दखा ना, आत्ते समजी जाई!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"पाण्याने काय समजणार?" फत्तेसिंगने मान हलवली. "केसांचा पक्का रंग महिनाभर जात नाही."

मागे झालर लावलेली छत्री खांद्यावर टाकून एक वरातवाला उभा होता. तो मोठ्याने म्हणाला, "आप्पा, आमले कोनताबी पाय चाली! नाचाले चारी लागतस!"

हशा पिकला. फत्तेसिंगने मुलीचा हात धरला आणि तो वळला. तो गेला की ही गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारभर होणार, आणि मग शेवंताच्या दावणीशी फक्त छत्रीवाले येणार, हे आप्पांना लख्ख दिसत होतं. पण दोन फोटोंचं कोडं काही सुटेना. आपण खोटं बोललो नाही हे त्यांना माहीत होतं. मग फोटो खोटं कसं बोलला?

त्यांची नजर रोहिणीकडे गेली. ती घाबरून कॅमेरा छातीशी धरून उभी होती. पडदा सकाळपासून पुढच्या बाजूलाच वळलेला होता. तिचं बोट बटणावर दाबलं गेलं तसा तो उजळला, आणि त्यात आप्पांना स्वतः आप्पा दिसले. पांढरा सदरा, खिशाला पेन. त्यांनी पेन काढून घ्यायला हात उचलला. पडद्यातल्या म्हाताऱ्यानेही त्याच बाजूचा उचलला. आप्पा थबकले. त्यांनी हात खाली केला, पुन्हा वर केला.

आरशात दिसतं, अगदी तसं.

तेहतीस वर्षं त्यांनी आरसे पुसले होते. नववी-दहावीला प्रकाशाचा धडा आला की टेबलावर सपाट आरसे मांडायचे, टाचण्या मोजून ठेवायच्या, मग दाराशी फडकं घेऊन उभं राहायचं. सर शिकवायचे. तेच वाक्य, तोच प्रयोग, दर वर्षी. आप्पांना सगळं पाठ होतं. एकदाच, सर रजेवर असताना, मुलांनी विचारलं, "मामा, आरशात डावं-उजवं उलटं का दिसतं?" आप्पांनी आरसा हातात घेतला आणि सांगायला सुरुवात केली. त्यांना इतका आनंद झाला होता की दारात मुख्याध्यापक येऊन उभे राहिलेले कळलंच नाही. "सुपडू," ते म्हणाले, "तू आरसे पूस." रागावून नाही, साध्या आवाजात म्हणाले. आप्पांनी आरसा खाली ठेवला. त्यानंतर त्यांनी वर्गात कधी तोंड उघडलं नाही.

"फत्तेसिंगभाऊ!" आप्पांनी हाक मारली. "थांबा. पाच मिनिटं द्या. नंतर खुशाल जा."

आणि त्यांच्या तोंडून अहिराणी गेली, एकदम वर्गातली मराठी आली. भिला त्यांच्याकडे बघतच राहिला.

"बाळ, इकडे ये. तुझं नाव काय?"

"रिना."

"कितवीत आहेस?"

"पाचवीत."

"मग डावं-उजवं येत असेल."

"ते बालवाडीतच येतं," रिना म्हणाली.

"शाब्बास. रोहिणी, कॅमेरा हिच्यावर धर. पडदा तसाच राहू दे. रिना, आता पडद्यात बघ आणि तुझा उजवा हात वर कर."

रिनाने हात वर केला.

"आता मला सांग, पडद्यातल्या मुलीने कोणता हात वर केला?"

"उजवा."

"घाई करू नकोस. घाईने आलेलं उत्तर पुन्हा एकदा तपासावं. ती मुलगी तू नाहीस असं समज. ती तुझी मैत्रीण आहे, तुझ्याकडे तोंड करून उभी आहे. आता तू तिच्या जागी जा. कॅमेऱ्याजवळ येऊन आमच्याकडे वळ. तिचा वर केलेला हात ज्या बाजूला होता, त्याच बाजूचा हात वर कर."

रिना कॅमेऱ्यापाशी आली. वळली. क्षणभर तिने दोन्ही हात खाली ठेवले, ओठ चावला, मग एक हात वर केला आणि स्वतःच किंचाळली.

"डावा! तिने डावा केलाय!"

गर्दीत कुजबुज झाली. दोन-तीन जण आपापले हात वर-खाली करून बघू लागले. चहावाला किटली धरलेला हात वर करायला गेला आणि चहा सांडला.

"आता पुन्हा समोर जा, उजवा हात वर कर. रोहिणी, फोटो काढ. काढलास? आता पडदा सरळ कर आणि काढलेला फोटो दाखव. रिना, ह्या फोटोतल्या मुलीच्या जागी जा बघू."

रिना वळली. ह्या वेळी तिला वेळ लागला नाही. "उजवा! ह्यात बरोबर आहे!"

"आता सगळ्यात महत्त्वाचं." आप्पा उत्साहाने एका पायावर भार टाकून पुढे झुकले होते. खुबा दुखत असल्याचं ते विसरून गेले होते. "ह्या बारीक खिडकीला डोळा लाव. दुसरा मीट. शेवंता दिसते? पांढरा पाय कोणता?"

"मागचा डावा."

"आता डोळा काढून नुसती बघ."

"डावाच."

"म्हणजे खिडकी खरं सांगते, काढलेला फोटो खरं सांगतो. उलटं कोण सांगतं?"

"पुढे वळवलेला पडदा!" ह्या वेळी रिनाबरोबर गर्दीतली आणखी चार पोरं ओरडली.

"पण का?" रिनाने विचारलं.

आप्पा थांबले. इतक्या वर्षांपूर्वी इथेच त्यांचं बोलणं तुटलं होतं. त्यांनी दारात कुणी नाही ना, असं पाहावं तसं उगाच मागे पाहिलं.

"कारण आपण स्वतःला नेहमी आरशातच पाहतो. वेणी घालताना, दाढी करताना. आपल्याला तसंच ओळखीचं वाटतं. पडदा पुढे वळला म्हणजे समोरचा माणूस स्वतःला बघणार, हे यंत्र बनवणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून तेवढ्यापुरता त्यांनी त्या पडद्याचा आरसा केला. सकाळी रोहिणीने तो माझ्यासाठी वळवला. आणि आमच्या भिलाने घोडीचा फोटो काढला नाही. त्याने आरशाचा फोटो काढला. अकराला गेला तो रोहिणीने खिडकीतून काढलेला."

भिलाने कपाळावर हात मारला. "आते काय करू भो! मन्हा मोबाइलच फेकी देस मी!"

रिनाने बापाला त्यांच्या भाषेत भराभर काहीतरी सांगितलं. दोन्ही हात हलवून, वळून, पुन्हा वळून. फत्तेसिंगने सगळं ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता, पण शंका राहिली होती.

"मुलीला समजलं," तो म्हणाला. "मला अर्धं समजलं. पण आप्पा, यंत्र तुमचं, यंत्रवाली तुमची, दलाल तुमचा. नऊ वाजता घोडीचा कोणता पाय पांढरा होता, हे मी कसं मानू?"

भिला चिडून काही बोलणार होता. आप्पांनी त्याला हाताने थांबवलं. त्यांना राग आलाच नाही. एवढा नेमका प्रश्न त्यांच्या वर्गात कुणी विचारला असता तर त्यांनी त्याची पाठ थोपटली असती.

"बरोबर विचारलंत. माझं ऐकून मानू नका," ते म्हणाले. "घोड्यातलं तुम्हाला कळतं. दोन्ही फोटो घ्या, शेवंताभोवती फिरा आणि स्वतः शोधा. खोटं असेल तर तुम्हाला सापडेल. खरं असेल तरी तुम्हालाच सापडेल."

पुढे काय सापडणार, हे आप्पांना स्वतःलाही माहीत नव्हतं. त्यांनी दावं सैल सोडलं.

फत्तेसिंग शेवंताच्या डाव्या बाजूला उभा राहिला. मोबाइलकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं. मग शेपटीमागून वळसा घालून तो उजव्या बाजूला आला. शेवंताने त्याच्या खांद्याला नाक लावून हुंगलं. त्याने नऊ वाजताचा फोटो तिच्या मानेशेजारी धरला. बराच वेळ तो तसाच उभा होता. मग त्याने हात लांब केला आणि शेवंताच्या मानेवरून खाली आलेली आयाळ हळूच मुठीत धरली.

"आयाळ," तो म्हणाला.

"काय?" भिलाने विचारलं.

"हिची आयाळ उजवीकडे पडते. उजव्या बाजूने बघितलं तर मान केसांनी झाकलेली. हे बघा." त्याने मोबाइल वर धरला. "ह्या फोटोत घोडी उजवी बाजू दाखवते आहे. पण मान मोकळी आहे. एक बट नाही." तो गर्दीकडे वळला आणि पहिल्यांदाच हसला. "पाय रंगवता येतो. आयाळ कापून दोन तासांत परत उगवता येते का?"

"नही!" चहावाल्याने सगळ्यांच्या वतीने उत्तर दिलं.

"ही डावीच बाजू आहे. उलटी झालेली." फत्तेसिंगने मोबाइल खिशात टाकला, खाली वाकला आणि शेवंताचा मागचा डावा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. पांढऱ्या केसांवरून त्याने एकदा तळवा फिरवला, मग पाय हलकेच खाली ठेवला. उभा राहून तो आप्पांना म्हणाला, "मी चारचौघांत बोललो. आता चारचौघांतच सांगतो, घोडी खरी आहे आणि माणूस पण."

आप्पा एवढंच म्हणाले, "उत्तर तुमचं तुम्ही काढलंत." मग त्यांनी हात पुढे केला आणि फत्तेसिंगने तो दोन्ही हातांत धरला. छत्रीवाला केव्हा निघून गेला, ते कुणाला कळलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. भिलाने कागदावर सह्या घेतल्या आणि आप्पांना चार वेळा म्हणाला, "मन्ही चूक व्हयनी, आप्पा." रिनाने रोहिणीकडून कॅमेरा मागून घेतला आणि चहावाल्याच्या पोरांना रांगेत उभं करून हात वर करायला लावले. "घाई करू नका," ती त्यांना बजावत होती.

रोहिणी आप्पांच्या शेजारी येऊन बसली. "मामा, तवय मी पहिला बाकवर बसेल व्हतू," ती हळू आवाजात म्हणाली. "सायेब दारमा उना, तवय. आज तो धडा पुरा व्हयना."

आप्पांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "पोरगी हुशार शे ना पन?" ते म्हणाले. "कशी फिरी उभी ऱ्हायनी, दखं तू?"

तीन वाजता निघायची वेळ झाली. फत्तेसिंगची पिकअप गाडी यात्रेच्या मैदानाबाहेर, नदीच्या वाटेला उभी होती. त्याने शेवंताला नवी दोरी बांधली, रिनाला पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसला. दोन वर्षांनी पाठीवर माणूस आलेला पाहून शेवंता क्षणभर थरथरली. मग तिने मान उचलली आणि कुणी टाच न मारताच चाल धरली. पाय आपटणं नाही, उसळणं नाही, पाण्यावरून होडी जावी तशी चाल. बाजूच्या दावणींवरची माणसं उठून बघू लागली.

"मामा, हाई ल्या, एमातून दखा. जवळ दिखी," रोहिणी म्हणाली. तिने कॅमेरा त्यांच्या हातात दिला, चष्मा काढून घेतला आणि खिडकीशेजारचं बारीक चाक त्यांच्या नजरेला जुळेपर्यंत फिरवत राहिली. "आते?"

"दिखनी," आप्पा म्हणाले.

मांडवांच्या रांगांमधून शेवंता जात होती. रिनाच्या वेण्या उडत होत्या. धुळीत तो एक पाय पांढरा चमकायचा, दिसेनासा व्हायचा, पुन्हा चमकायचा.

"बटण दाबा ना मामा, फोटो येई."

आप्पांनी बटण दाबलं नाही. शेवंता मैदानाच्या टोकाला पोचली, उसाच्या गाड्यांआड गेली आणि वळली. रोहिणीला ते नुसत्या डोळ्यांनी दिसलं. आप्पा मात्र कॅमेरा डोळ्याशी घट्ट धरून तसेच उभे होते. मागे कुणीतरी डबा खडखडवत होतं. दुसऱ्या कुणाची तरी घोडी कान उभे करत होती.

एक मिनिट काही दाबलं नाही की तो कॅमेरा आपोआप झोपतो आणि खिडकीत काळोख होतो, हे रोहिणीला माहीत होतं. मिनिट होऊन गेलं होतं. त्यांचा चष्मा हातात धरून ती शेजारी उभी राहिली.